पित्याचा वारसा

वारसा म्हटला की घर, जमीन वा पैसा यांचाच विचार मनात येतो. कोल्हापुरातील एका मुस्लिम गवयाने आपल्या मुलांना मात्र निराळेच धन दिले. छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारातील उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज ऐन उमेदीत बसला होता. दैवाला बोल लावीत न बसता त्यांनी बदललेल्या गळ्याला पेलेल अशी नवी गायकी रियाजाने घडविली. आपत्तीत साधना सोडू नये, हा मुलांना मिळालेला पहिला धडा होय.

दुसरा धडा विद्यादानाचा. गवयांच्या घरची विद्या त्या काळी बहुधा रक्ताच्या नात्यातच राही. खाँसाहेबांनी ती केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांनाही दिली. पुत्र मंजी खाँ १९३७ साली पित्याच्या हयातीतच निवर्तले, तेव्हा त्यांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर यांची तालीम बंधू भुर्जी खाँ यांनी पुढे चालविली. कानडी मुलुखातील हा शिष्य पुढे त्याच गायकीचा थोर वारसदार ठरला.

घर-जमिनीच्या वाटण्या होतात आणि प्रत्येकाचा हिस्सा घटतो. विद्येचे तसे नाही. मुलांसाठी काय ठेवून जावे, या चिंतेत असलेल्या पित्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.