लाकूड बुडेपर्यंत

मत्स्यटाकीत ठेवायचे लाकूड कुजता कामा नये आणि तरंगताही कामा नये. नदीच्या पुरात वाहून आलेले, काही पावसाळे काठावर पडून राहिलेले मूळ किंवा फांदी यासाठी उत्तम. साल आणि ओला भाग झडून गेलेला असतो, उरलेला असतो तो टणक गाभा. ताजी फांदी कितीही देखणी असली तरी घेऊ नये. तिच्यातली साखर पाण्यात उतरते, जिवाणू माजतात आणि चार दिवसांत पाणी नासते. लाकडात अंगठ्याचे नख रोवून पाहावे. नख रुतले तर ते टाकून द्यावे.

राळ असलेली चीड-देवदारासारखी झाडे आणि कण्हेर, शेर अशी विषारी झाडे वर्ज्य. पेरूचे पूर्ण वाळलेले लाकूड चांगले टिकते. समुद्रकिनाऱ्यावर सापडणाऱ्या लाकडात मीठ आतपर्यंत मुरलेले असते आणि जाड ओंडक्यातून ते निघता निघत नाही, म्हणून गोड्या पाण्याच्या टाकीसाठी नदीकाठचेच बरे. खारफुटीची मुळे आकाराने मोहात पाडतात, पण महाराष्ट्रात खारफुटी तोडायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

लाकूड घरी आणल्यावर माती, भुगा, सैल साल ताठ ब्रशने घासून काढतात. साबण लावायचा नाही. तो रंध्रांत शिरतो आणि पुढे माशांना बाधतो.

खरे काम असते हवा बाहेर काढण्याचे. लाकूड तरंगते, पण ज्या द्रव्याचे ते बनलेले असते ते तरंगणारे नाही. लाकडाच्या पेशीभित्तीची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असते. साग असो वा हलकीफुलकी सावर, हा दीडचा आकडा फारसा हलत नाही. तरंगवते ती पेशींच्या पोकळ्यांत कोंडलेली हवा. आफ्रिकेतले मोपानी इतके दाट असते की त्यात हवेला जागाच थोडी, म्हणून ते बहुधा लगेच तळ गाठते. बाकीच्या लाकडांना उकळावे लागते.

यासाठी जुने, स्वयंपाकातून बाद झालेले मोठे पातेले घ्यावे, कारण त्यावर पडलेला डाग सहसा जात नाही. पाणी तापले की लाकडातून बुडबुड्यांच्या बारीक माळा निघू लागतात. तापलेली हवा फुगते, बाहेर पडते आणि तिची जागा वाफ घेते. तासा-दोन तासांनी गॅस बंद केला की अनेकजण घाईने लाकूड बाहेर काढतात, आणि इथेच निम्मे कष्ट वाया जातात. ते त्याच पाण्यात गार होऊ द्यायचे असते. आतली वाफ निवून तिचे पाणी होते, पोकळी पडते आणि भोवतालचे पाणी आत खेचले जाते. उकळण्याने बुरशीचे बीजाणू आणि लपलेले किडेही मरतात. मात्र दिवसभर उकळत ठेवले तर धागे सुटून लाकूड भुसभुशीत होते.

या वेळी घरभर ओल्या मातीचा, किंचित तुरट वास पसरतो आणि पाणी कोऱ्या चहासारखे होते. लाकडातली टॅनिने पाण्यात उतरलेली असतात. खैराचा गाभा उकळून कात काढतात तोही याच जातीच्या तुरट द्रव्यांसाठी. कातकरी हे नाव त्या कामावरूनच पडले. या रंगाची भीती बाळगायचे कारण नाही. अ‍ॅमेझॉनची उपनदी रिओ नेग्रो अशाच गडद पाण्याची आहे आणि टेट्रा जातीचे अनेक मासे तशा पाण्यात सुखाने राहतात. टॅनिनांमुळे पाणी थोडे आम्लधर्मी होते. बोअरवेलच्या जड पाण्यात मात्र हा परिणाम जेमतेम जाणवतो. रंग नकोच असेल तर पाणी बदलत राहावे किंवा फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवावा. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या माशांना जड, अल्कधर्मी पाणी लागते, त्यांच्या टाकीत असे लाकूड न ठेवणे चांगले.

उकळल्यावरही ते तरंगलेच तर टबात वरवंट्याखाली दाबून ठेवतात. पाणी रोज बदलावे. गच्चीतल्या साठलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. लाकूड एकदम बुडत नाही. आधी जाड टोक खाली बसते आणि बारीक टोक पृष्ठभागाला टेकून कित्येक दिवस तसेच उभे राहते. वरवंटा काढून पाहावा, पुन्हा ठेवावा. कधी आठवडा लागतो, कधी दोन महिने. पेशीभित्ती पाण्याच्या दीडपट जड असल्याने लाकूड शेवटी खाली जातेच. थांबणे शक्य नसेल तर ते स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने ग्रॅनाइटच्या तुकड्याला जखडतात. कडप्पा वापरू नये. तो चुनखडीचा असल्याने पाण्याचा जडपणा वाढवतो.

टाकीत गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरट, बुळबुळीत थर चढतो. तो पाहून घाबरून लाकूड फेकून देणारे पुष्कळ आहेत. ती लाकडातल्या उरल्यासुरल्या साखरेवर वाढणारी बुरशी आणि जिवाणू असतात, माशांना निरुपद्रवी. गोगलगायी आणि कोळंबी तो थर आवडीने खातात. साखर संपली की तो आपोआप ओसरतो. लाकूड मऊ पडून सडक्या अंड्याचा वास येऊ लागला तर मात्र ते काढलेच पाहिजे.

शेवटी जावा फर्न किंवा अनुबियास सुती दोऱ्याने लाकडाला बांधतात. त्यांचे आडवे खोड वाळूत पुरले तर कुजते, लाकडावर मोकळे राहिले तर जोमाने वाढते. दोरा कुजून तुटेपर्यंत मुळांनी लाकूड घट्ट धरलेले असते.