कड्याच्या पोटातलं पाणी

सह्याद्रीच्या माथ्यावर कुठे कुठे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच डोंगरातल्या वाड्या मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहत बसतात. तंबू-पथारी सायकलला बांधून उन्हाळ्याच्या तोंडावर घाटमाथ्याच्या कच्च्या वाटा फिरायच्या असतील, तर पाऊस जातो कुठे हे आधी कळायला हवं. पाणी कुठे शोधायचं हे त्यावरून ठरतं.

हे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झाले. थराचा वरचा भाग बहुधा सच्छिद्र, मधला घट्ट काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी भाजल्यासारख्या तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. बराचसा पाऊस उतारावरून थेट वाहून जातो. उरलेला भेगांतून खाली झिरपतो, घट्ट थर लागला की अडतो, आडवा सरकतो आणि कड्याच्या पोटातून बाहेर येतो. म्हणून वरचे सडे ऐन थंडीतच ठणठणीत कोरडे पडतात, आणि कड्याच्या तळाशी मात्र झाडीची हिरवी रेघ टिकून राहते. एक झरा सापडला, की त्याच उंचीवर डोंगराला वळसा घालत गेलं तर दुसराही मिळण्याचा संभव असतो. उंबर दिसला तर जरूर थांबून पाहावं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त भूजलाच्या खुणांचा एक अख्खा अध्याय आहे, त्यात झाडं आहेत, वारुळंही आहेत. उंबरावर मी विश्वास ठेवतो, वारुळावर भर उन्हात पैज लावणार नाही.

गडांवरची आणि घाटवाटांवरची खोदीव टाकीही याच खडकाच्या जोरावर टिकली. घट्ट पाषाणात खोदलेलं टाकं गळत नाही. आत खांब सोडून कोरलेल्या खांबटाक्यावर तर छतही असतं, त्यामुळे ऊन कमी लागतं, पाणी कमी आटतं आणि शेवाळंही कमी धरतं. जुन्नरकडून नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत डांबरी सडक येते, त्यामुळे तिथली टाकी सायकलवाल्यांच्या सहज आवाक्यात आहेत. मात्र कोणतं टाकं पिण्याचं आणि कोणतं गुरांचं, हे गावकऱ्यांनाच विचारावं. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर बारमाही पाणी निळ्या रंगात आणि हंगामी ओढे काळ्या रंगात असतात. मार्चनंतर काळ्या रेघेच्या भरवशावर निघूच नये.

चढावर उन्हात सायकल मारताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी जातं. रात्रीच्या स्वयंपाकाला आणि चहाला दीड लिटर वेगळं. म्हणजे मुक्कामी पाणी नसेल तर दुपारी उशिरा शेवटच्या खात्रीच्या पाणवठ्यावर चार-पाच लिटर भरून घ्यावं लागतं, आणि तेवढेच किलो पुढच्या चढावर ओढावे लागतात. हे वजन सायकलच्या त्रिकोणात, शक्य तितकं खाली ठेवावं. पाठीवर घेतलं तर खांदे भरून येतात.

निवड करता आली तर आधी वाहता झरा, मग चालू हापसा, मग वापरातली विहीर, आणि अगदीच इलाज नसेल तर ओढ्यातला डोह. डोहातून थेट भरण्यापेक्षा काठाच्या वाळूत हातभर झिरा खणावा, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकावं आणि मग साचेल ते घ्यावं. वाडीत टँकर येत असेल तर तिथे पाच लिटर मागू नये. तो हंडा कुणीतरी अर्धा डोंगर उतरून आणलेला असतो. तिथे तांब्याभर प्यावं आणि पुढची विहीर विचारावी.

शुद्धीकरणाची पहिली पायरी म्हणजे गाळणं. बांगलादेशात जुनी सुती साडी किमान चार पदरी करून गावातलं पाणी गाळलं, तर पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. पण सुटे जंतू कापडातून सरळ पार होतात, म्हणून पुढची पायरी लागतेच.

सायकलवाले हल्ली पोकळ तंतूंची छोटी गाळणी वापरतात. तिची छिद्रं साधारण ०.१ मायक्रॉनची, त्यामुळे जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडतात. काविळीचे विषाणू मात्र ०.०३ मायक्रॉनच्या आसपासचे. निर्मनुष्य पहाडात नुसती गाळणी एकवेळ चालून जाईल. आपल्याकडे प्रत्येक ओढ्याच्या वर कुठेतरी वाडी असते. म्हणून गाळल्यावर क्लोरीनची गोळी टाकावी आणि अर्धा तास थांबावं. नुसती गोळीही पुरत नाही, कारण क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही आणि गढूळ पाण्यात गोळीचा जोर गाळातच संपतो. गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवावी, रात्रभर निवळू द्यावं आणि वरचं नितळ पाणी घ्यावं. इंधन असेल तर उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळ उकळी एक मिनिट राहिली की झालं. कळसूबाईच्या १६४६ मीटरवर पाणी ९४-९५ अंशांनाच उकळतं, तरी तेवढं पुरतं. शेतातली फवारणी आणि खतं मात्र या कशानेच जात नाहीत. अशा शेतातून येणारं पाणी सोडून द्यावं.

एवढं करूनही पोट बिघडतं ते बहुतेकदा बाटलीमुळे. कच्चं पाणी भरायची पिशवी आणि प्यायची बाटली वेगळी हवी, दोन्हींवर ठळक खूण हवी. सायकलच्या खालच्या नळीवर लावलेल्या बाटलीच्या तोंडावर पुढच्या चाकाने उडवलेला चिखल आणि शेणकाला बसतो, आणि आपण नेमकं तेच तोंडाला लावतो. तिथे कच्चं पाणी किंवा इंधनाची बाटली ठेवावी. प्यायची बाटली वर, टोपण असलेली.