घाई आणि गोडी

पूर्वी आपल्या उसाचे वजन किती भरले हे कळायला गटऑफिसला हेलपाटे घालावे लागत. आज काट्यावरून गाडी उतरते न उतरते तोच मोबाईलवर मेसेज येतो. सोय झाली, चांगलेच झाले. पण सारेच चुटकीसरशी मिळू लागल्याने थांबायची सवय मोडत चालली, असे आम्हांला गावोगाव फिरताना दिसते. हंगाम सुरू होऊन आठ दिवस होत नाहीत तोच, "साहेब, आमची टोळी कधी?" दहा महिन्यांचा सुरू ऊसदेखील "न्या एकदाचा" म्हणून पुढे केला जातो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

ऊस काही मोबाईल बघून पिकत नाही. आडसालीला १६ ते १८ महिने, पूर्वहंगामीला १४ ते १५, सुरूला १२ महिने लागतातच. थंडी पडली की वाढ मंदावते आणि पानांत तयार झालेली साखर कांड्यांत साठू लागते. ती बुडख्याकडून शेंड्याकडे भरत जाते. म्हणून कोवळ्या उसाचा बुडखा गोड अन् शेंडा पाणचट. शेंड्याच्या रसातील ग्लुकोज-फ्रुक्टोजचे दाणे बनत नाहीत, ते मळीत जाते. आम्ही फडात हँड रिफ्रॅक्टोमीटर लावतो तो यासाठीच. शेंड्याचे ब्रिक्स बुडख्याच्या जवळ आले, की ऊस पक्व समजावा.

कोवळ्या तोडीचा पहिला फटका वजनाला. ते नुकसान ज्याचे त्याचे. दुसरा फटका उताऱ्याला, आणि तो सर्वांना बसतो. कारण एफआरपी साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. एकाची घाई शेजाऱ्याच्या बिलातून वजा होते.

थांबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीलाच संपवावा; उशिरा युरिया टाकला की पक्वता लांबते. तोडीआधी १०-१५ दिवस पाणी तोडावे. लागणीची नोंद वेळेत करावी, कारण पाळी त्याच तारखेवर लागते. एकदा कोयता लागला, की मात्र जरूर घाई करा. तुटलेला ऊस २४ तासांत गाळला गेला पाहिजे. पडून राहिला तर वजनही घटते, साखरही.

पक्व ऊस उन्हात वाळत ठेवणेही तोट्याचेच. तेव्हा पाळी पाळण्याची जबाबदारी आमच्या खात्यावरही तेवढीच आहे. पाळी मोडून कुणाचा ऊस आधी नेला, तर "थांबा" म्हणायचे तोंड आम्हांला राहत नाही.

१९५० साली प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला, तो आधी शेअरची रक्कम भरून मग धुराड्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांच्या बळावर. त्या मानाने आपल्याला दोन महिनेच थांबायचे आहे.