एकाच नावाचे निरनिराळे सूत्रकृमी

कपाशीच्या शेतात खुजी, पिवळसर झाडे चट्ट्याचट्ट्यांनी दिसू लागली की दोष सहसा खताच्या कमतरतेला किंवा मर रोगाला दिला जातो. परंतु असे झाड ओढून न उपटता भोवतीची माती खणून अलगद काढले आणि मुळे पाण्यात धुतली, तर काही वेळा त्यांवर बारीक गाठी आढळतात. तूर-मुगाच्या मुळांवरील, हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी नखाने सहज सुटतात. या गाठी मात्र सुटत नाहीत, कारण मुळाच्याच ऊती तेथे फुगलेल्या असतात. त्यामागे असतो मेलॉयडोगायनी इनकॉग्निटा हा सूत्रकृमी. त्याचे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचे पिल्लू मुळाच्या टोकाजवळून आत शिरते आणि आपल्या स्रावांनी तेथील काही पेशींना अनेक केंद्रकांच्या महापेशी बनवते. त्यांवर पोसलेली मादी जागची हलत नाही आणि चिकट आवरणात शेकडो अंडी घालते.

ही मादी नराशी मीलन न होताच प्रजनन करते, त्यामुळे सारी संतती एकसारखी असावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात या एका जातीत विलक्षण विविधता आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे विकसित झालेल्या चाचणीत ठरावीक पिकांच्या रोपांवर सूत्रकृमी वाढवून त्यांचे चार वंश ठरवले गेले, आणि त्यांपैकी केवळ तिसरा व चौथा वंश कपाशीवर वाढतो. म्हणजे जातीचे नाव कळूनही पिकाला धोका आहे की नाही, हे कळत नाही. पुढे, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ब्राझीलमधील नमुन्यांची तुलना झाली, तेव्हा हे वंश जनुकीय नात्यांशी जुळत नाहीत, म्हणजेच विशिष्ट पीक पोखरण्याची क्षमता स्वतंत्रपणे अनेकदा मिळवली व गमावली गेली, असे दिसले. प्रतिकारक्षम वाण तयार करणाऱ्यांसाठी ही बाब फार गंभीर आहे.

त्या दिशेने मोठे यश मिळाले ते ऑबर्न 623 या अमेरिकी वाणात. पैदासकार शेफर्ड यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या या वाणाचे दोन्ही जनक स्वतः मध्यमच प्रतिकारक्षम होते, तरी संततीतील प्रतिकार दोघांपेक्षा कितीतरी वरचढ ठरला. गुणसूत्र 11 व 14 यांवरील दोन निरनिराळे जनुकीय भाग एकत्र आल्याचा हा परिणाम होता: एक पिल्लाची वाढ सुरुवातीलाच रोखतो, तर दुसरा पुढे अंडी घालणे घटवतो.

मात्र हा प्रतिकार महाराष्ट्रात जसाच्या तसा उपयोगी पडेल, असे मानणे चुकीचे ठरेल. गाठी करणारा सूत्रकृमी हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत अधिक फोफावतो आणि पंजाब, हरियाणा, राजस्थानच्या कपाशी पट्ट्यात तो अधिक आढळतो. मध्य भारतातील भारी जमिनीत मुख्य चिंता रेनिफॉर्म सूत्रकृमीची आहे, ज्याच्या मादीचा आकार मूत्रपिंडासारखा असतो. तो मुळांवर गाठी करत नाही, म्हणून सहजी लक्षात येत नाही, आणि ऑबर्न 623 मधील प्रतिकाराला तो जुमानत नाही. गॉसिपियम लाँगिकॅलिक्स या आफ्रिकी रानटी कपाशीतून रेनिफॉर्मविरुद्धचा प्रतिकार लागवडीच्या कपाशीत आणला गेला खरा, पण या सूत्रकृमीची संख्या जास्त असलेल्या शेतात ती झाडेच खुरटली. बीटी वाणांकडूनही येथे आशा ठेवता येत नाही, कारण त्यांतील प्रथिने बोंडअळ्यांसाठी आहेत.

उरते ती पीकरचना. ज्वारी व भुईमूग रेनिफॉर्मला पोषक नाहीत, त्यामुळे कपाशीनंतर ज्वारी घेण्याच्या जुन्या पद्धतीत त्याची संख्या आपोआप घटत असे; परंतु विदर्भात ज्वारीची जागा बव्हंशी सोयाबीनने घेतली आणि कपाशीच्या ओळींमध्ये तूर पेरली जाते. ही दोन्ही पिके रेनिफॉर्मची उत्तम आश्रयस्थाने आहेत. विदर्भातल्या जिल्ह्यांत, वाण निवडण्याआधी मुळांभोवतीच्या ओलसर मातीचा नमुना तपासून कोणता सूत्रकृमी आहे आणि तो किती आहे, हे ठरवणे त्यामुळेच सर्वांत निकडीचे काम आहे.