पाठीचा दम कसा मोजावा?

परेडला ताठ उभे राहणे असो वा पिट्ठू घेऊन चालणे, पाठीच्या स्नायूंना जोरापेक्षा दम अधिक लागतो. तो मोजण्याची सर्वपरिचित चाचणी डेन्मार्कचे डॉ. बिअरिंग-सोरेन्सन यांच्या नावाने ओळखली जाते. १९८४ च्या त्यांच्या अभ्यासात, पाठीचा दम चांगला असलेल्या पुरुषांना पुढील वर्षभरात पहिल्यांदाच कंबरदुखी होण्याचे प्रमाण कमी आढळले.

पद्धत सोपी आहे. टेबलावर पालथे झोपावे. कमरेच्या हाडाचा वरचा काठ टेबलाच्या कडेशी यावा. पाय व नितंब पट्ट्यांनी बांधावेत. हात छातीवर दुमडून धड जमिनीला समांतर धरावे, श्वास रोखू नये. धड झुकले की घड्याळ थांबवावे. कमाल मर्यादा २४० सेकंदांची.

खरी अडचण पुढे आहे. तोच कॅडेट आज १५० सेकंद आणि परवा १२० सेकंद टिकला, तर खरा आकडा कोणता? म्हणून टेबल, पट्ट्यांची जागा, दिवसाची वेळ आणि प्रोत्साहनाचे शब्द दर वेळी तेच असावेत. आदल्या दिवशी पाठीचा कठीण व्यायाम नसावा. धड झुकले की नाही हे नुसत्या नजरेने न ठरवता, आडव्या ताणलेल्या दोरीशी ताडून पाहावे.

काही दिवसांच्या अंतराने पुन्हा मोजून दोन्हींतला फरक पाहावा. तो सहज ३० सेकंदांचा निघत असेल, तर महिनाभरात वाढलेल्या २० सेकंदांना प्रगती म्हणता येणार नाही आणि घटलेल्या २० सेकंदांसाठी कोणाला आळशीही ठरवता येणार नाही.

पाठ दुखत असल्यास ही चाचणी देऊ नये. आधी डॉक्टरांना दाखवावे.