धावण्याआधीचं थांबणं

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका सोसायटीची मैल्याची टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या पत्नींना प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही माणसं उतरवली जातात, आणि पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उडी घेतो.

ही उडी मायेची असते, पण ती जीव घेते. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. मात्र वायूचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि आत गेलेल्याला वाटतं, हवा ठीक आहे. म्हणून आपत्कालीन वैद्यकीय मदतनीसाच्या प्रशिक्षणात पहिला धडा असतो तो जागा पारखण्याचा. तिथे वायू आहे का, वीज उतरली आहे का, मागून ट्रेलर येतोय का? मदतनीसच पडला, तर रुग्ण दोन होतात.

देवनारइतका हा धडा पटवून देणारी जागा मुंबईत क्वचितच सापडेल. इथली कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये ती पेटली, तेव्हा धुराने परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. एका बाजूला घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरची अवजड वाहनं, दुसऱ्या बाजूला शिवाजी नगर, बैंगनवाडीच्या अरुंद गल्ल्या. त्यातल्या कित्येक गल्ल्यांत रुग्णवाहिका शिरतच नाही. इथे रुग्णापर्यंत सर्वांत आधी शेजाऱ्याचेच हात पोहोचतात.

जागा सुरक्षित आहे हे कळलं की पुढचा क्रम ठरलेला असतो. खांद्यावर थोपटून मोठ्याने हाक मारायची. प्रतिसाद नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायला सांगायचं. ‘कुणीतरी फोन करा’ असं गर्दीला म्हटलं तर कुणीच करत नाही. एकाकडे बोट दाखवून सांगावं, ‘तुम्ही लावा’. मग श्वास आणि नाडी पाहायची, तीही दहा सेकंदांच्या आत. निरोगी प्रौढ माणूस शांत असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो आणि त्याची नाडी ६० ते १०० पडते. थांबून थांबून, आचके दिल्यासारखा येणारा श्वास हा श्वास धरायचा नाही. हृदय बंद पडल्याची ती खूण असू शकते.

श्वास नसेल किंवा असा असेल तर लगेच छातीवर दाब. छातीच्या मध्यावर तळहाताची टाच ठेवून पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. प्रशिक्षित माणूस तीस दाबांमागे दोन श्वास देतो. ज्याला ते जमत नाही त्याने नुसता दाब सुरू ठेवावा. दोन मिनिटांत हात थकतात, म्हणून माणूस बदलावा. अपघातात रक्ताची धार लागली असेल, तर आधी ती थांबवायची. स्वच्छ कपडा जखमेवर घट्ट दाबून धरावा, आणि थांबलं का हे बघायला सारखा उचलू नये.

काय करू नये, हेही तितकंच शिकावं लागतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतण्याची आपल्याकडची सवय घातक आहे. ते पाणी श्वासनलिकेत जातं. श्वास चालू असेल आणि मानेला मार लागल्याची शंका नसेल, तर त्याला कुशीवर वळवावं. फिट आलेल्याला कांदा हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवून आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात. भाजलेल्यावर हळद, टूथपेस्ट, बर्फ काहीही नको. वीस मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी पुरेसं आहे.

एकाच वेळी अनेक जखमी असले, तर थांबण्याची खरी परीक्षा होते. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे पाय आपोआप वळतात. पण ओरडणाऱ्याचा श्वास तरी चालू असतो. म्हणून मदतीचा क्रम ठरवायला आधी प्रत्येकाला रंगाची खूण लावायची. चालू शकणाऱ्यांना हिरवी. श्वास मिनिटाला तीसहून जास्त, मनगटाची नाडी लागत नाही किंवा ‘हात उचला’ इतकंही कळत नाही, अशांना लाल. श्वासमार्ग मोकळा करूनही ज्याचा श्वास येत नाही त्याला काळी, आणि उरलेल्यांना पिवळी. काळी खूण लावून पुढे जाणं हे या कामातलं सर्वांत कठीण पाऊल आहे. पुढचा लाल खुणेचा माणूस त्याच पावलामुळे वाचतो.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिका घेऊन. गाडीत डॉक्टर असतो आणि चालकाला ‘पायलट’ म्हणतात. ऑगस्ट २०१७ पासून मुंबईत अरुंद गल्ल्यांसाठी दुचाकी रुग्णवाहिकाही आल्या. डॉक्टर आला की त्याला थोडक्यात सांगायचं: काय झालं, किती वाजता, आपण काय केलं, कुठलं औषध चालू आहे, शेवटचं कधी खाल्लं. पक्षाघातात तर ‘किती वाजता’ यावर सगळं ठरतं, कारण गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने मागे सरणाऱ्यांना सांगायला हवं: ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १३४ अ आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दावा वा खटला होत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही नाही.

हे सगळं एकट्याने करायचं नाही. एक दाब देतो, एक फोन लावतो आणि एक गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावर, हात वर करून उभा राहतो. शिवाजी नगरात रोड नंबर आणि प्लॉट नंबर सांगूनही परक्या पायलटला घर सापडेलच असं नाही. तो उभा हात त्याला दिसतो. टाकीच्या काठावर दुसऱ्याला अडवणारा आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहणारा, दोघेही रुग्णाला हातसुद्धा लावत नाहीत. पण जीव वाचवणाऱ्यांत त्यांची गणना पहिली व्हायला हवी.