सॉफ्टवेअरचं कुलूप, ब्लॉकचेनची किल्ली : टोकनवर चालणारा परवाना नेमका असतो कसा?



पेट किंवा सेट-नेटची तयारी करता करता संशोधनाचा विषय शोधणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : "ब्लॉकचेनवर काहीतरी घेऊ का?" काहीतरी घेऊ नका! त्यातला एक छोटा, स्पष्ट प्रश्न घ्या. आज असाच एक उपविषय बघू : सॉफ्टवेअरमधली कोणती सुविधा कोणाला वापरता येईल, हे ब्लॉकचेनवरच्या टोकनने ठरवणं.

आधी मोंढ्यातलं उदाहरण

परभणी, जिंतूर, सेलू भागातल्या मुलांना शेतमाल तारण योजना नवी नाही. पणन मंडळ ही योजना १९९०-९१ पासून राबवतं. शेतकरी सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवतो आणि मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने मिळतं. माल गोदामात असतो, पण हक्क कागदावर चालतो. आता धोका कुठे आहे? एकाच मालाची पावती दोन ठिकाणी गहाण पडली तर! दोन बँकांच्या वह्या वेगळ्या, एकीला दुसरीचं दिसत नाही. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने गोदाम पावत्यांसाठी ब्लॉकचेन वापरायला घेतली, त्यामागचं तांत्रिक कारण इथेच समजतं. वही सगळ्यांची एकच असेल आणि जुनी नोंद कोणाला गुपचूप खोडता येत नसेल, तर एक पावती दोनदा चालवणं अवघड होतं.

टोकन म्हणजे अशीच पावती. फक्त आपल्या विषयात ती सोयाबीनची नसून सॉफ्टवेअरमधल्या सुविधेची आहे.

आजचा परवाना कसा चालतो?

विभागात सांख्यिकीचं किंवा नकाशांचं पॅकेज असतं. कुठे यूएसबी डोंगल लावावा लागतो, कुठे परवाना सर्व्हर असतो. पाच परवाने घेतले असतील तर एका वेळी पाचच जण काम करू शकतात, सहावा वाट बघतो. ही पद्धत वाईट नाही. पण कोणाला काय परवानगी आहे ही वही कंपनीच्या हातात असते. कंपनीने सर्व्हर बंद केला किंवा उत्पादनच गुंडाळलं, तर पैसे भरूनही सॉफ्टवेअर उघडेलच असं नाही. प्रबंधाचं विश्लेषण त्याच फाइलींमध्ये अडकलेलं असेल तर हा प्रश्न किती मोठा होतो, ते वेगळं सांगायला नको.

टोकनने काय बदलतं?

समजा, पीक प्रयोगांच्या विश्लेषणाचं एक सॉफ्टवेअर आहे. टोकन क्रमांक १ म्हणजे मूलभूत विश्लेषण, २ म्हणजे नकाशे, ३ म्हणजे मोठ्या डेटावरची प्रक्रिया. तर पायऱ्या अशा :

१. सॉफ्टवेअर तुमच्या वॉलेटला एक नवा, एकदाच वापरायचा यादृच्छिक संदेश पाठवतं.

२. तुम्ही खासगी किल्लीने त्यावर डिजिटल सही करता. किल्ली स्वतः कुठेही पाठवली जात नाही.

३. सहीवरून पत्ता तुमचाच आहे याची खात्री होते. संदेश दर वेळी नवा असल्यामुळे जुनी सही चोरून पुन्हा वापरता येत नाही.

४. या पत्त्यावर क्रमांक ३ चं टोकन आहे का, हे सॉफ्टवेअर ब्लॉकचेनवरच्या करारात वाचतं. असेल तर सुविधा उघडते.

लक्षात घ्या, नुसतं वाचायला व्यवहार शुल्क लागत नाही. टोकन तयार करताना किंवा दुसऱ्याला देताना मात्र लागतं.

इथेरियमवर यासाठी ठरलेली मानकं आहेत. ईआरसी-७२१ मध्ये प्रत्येक टोकन वेगळं असतं. ईआरसी-११५५ मध्ये एकाच करारात अनेक प्रकारची टोकनं ठेवता येतात, म्हणून आपल्या १-२-३ च्या उदाहरणाला ते सोयीचं. ही दोन्ही २०१८ ची. २०२२ मध्ये अंतिम झालेलं ईआरसी-४९०७ आपल्या कामाचं आहे. त्यात मालक आणि वापरकर्ता वेगळे असू शकतात आणि वापराला मुदत असते. म्हणजे टोकन विभागाचं, वापर पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा. तारीख उलटली की वापराचा हक्क आपोआप संपतो, कोणी जाऊन काढून घ्यायची गरज नाही.

इथे बरेच जण फसतात

ब्लॉकचेन नोंद सांभाळते, सॉफ्टवेअर सांभाळत नाही. प्रोग्राम तुमच्याच संगणकावर चालत असेल आणि "टोकन आहे का?" ही तपासणीच कोणी कोडमधून काढून टाकली, तर ब्लॉकचेनला त्याचा पत्ताही लागणार नाही. कुलूप भक्कम, पण दार पुठ्ठ्याचं! म्हणून ती सुविधा सर्व्हरवर चालवावी लागते. आणि सर्व्हर कंपनीचाच असेल तर? कंपनी बंद पडली की टोकन हातात राहील, पण सुविधा जाईल. वरची अडचण पूर्ण सुटलेली नाही, हे तुमच्या सिनॉप्सिसमध्ये प्रामाणिकपणे आलंच पाहिजे.

आणखी तीन अडचणी आहेत. किल्ली हरवली तर "पासवर्ड विसरलात?" असं बटण नसतं. एकच किल्ली दहा जणांनी वाटून घेतली तर करार ते ओळखत नाही. आणि सार्वजनिक ब्लॉकचेनवर कोणता पत्ता काय वापरतो हे सगळ्यांना दिसतं, म्हणजे खासगीपणाचा प्रश्न.

मग ब्लॉकचेन हवी का?

गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रं पॉलिगॉन ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम हाती घेतलं गेलं. तिथे उद्देश पडताळणीचा : प्रमाणपत्र देणारं कार्यालय एक, तपासणारे अनेक. अशा ठिकाणी सामायिक वहीचा उपयोग समजतो. पण तुमच्या प्रकल्पात एकच कंपनी, तिचाच सर्व्हर आणि तिचेच ग्राहक असतील, तर साधा डेटाबेस स्वस्त आणि वेगवान पडतो.

कार्ल वुस्ट आणि आर्थर जर्व्हे यांचा "ब्लॉकचेनची गरज आहे का?" याच प्रश्नावरचा २०१८ चा शोधनिबंध जरूर वाचा. त्यातला विचार साधा आहे : नोंदी लिहिणारे अनेक आहेत का? त्यांचा एकमेकांवर विश्वास नाही का? सगळ्यांना चालेल असा कायम उपलब्ध असलेला मध्यस्थ नाही का? तिन्ही उत्तरं "हो" आली तरच पुढे जा. व्हायव्हात पहिला प्रश्न हाच येणार आहे.

विषय म्हणून काय घेता येईल?

• अनेक महाविद्यालयांनी मिळून परवाने घेतले आणि गरजेनुसार एकमेकांना मुदतीवर दिले, तर परवाने रिकामे पडून राहण्याचं प्रमाण किती कमी होतं? इथे लिहिणारे खरोखर अनेक आहेत, म्हणून मला हा प्रश्न सर्वांत आवडतो. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर एकाच विद्यापीठाखाली येतात, अभ्यासाचं क्षेत्र तयारच आहे.

• ओळख न उघडता टोकन असल्याचं सिद्ध करता येईल का? इथे शून्य-ज्ञान सिद्धता वाचावी लागेल.

• इंटरनेट नसताना तपासणी कशी करायची? आपल्याकडे नेटवर्क जातं, हे गृहीत धरूनच रचना करा.

• कायद्याच्या बाजूने : आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने संकेतस्थळ वा ॲपच्या वर्गणीला त्या व्याख्येतून वगळलं. पण वर्गणीचं टोकन पुन्हा विकता येत असेल, तर ते वर्गणी की मालमत्ता? विधी शाखेच्या मित्राला सोबत घ्या.

सुरुवात कशी कराल? इथेरियमच्या चाचणी नेटवर्कवर पैसे लागत नाहीत. तिथे एक ईआरसी-११५५ करार टाका, वरच्या चार पायऱ्या चालवून बघा, मग तीच व्यवस्था साध्या डेटाबेसवर करा आणि वेळ, खर्च, बिघाड यांची तुलना मांडा. तुलनेत डेटाबेस जिंकला तरी हरकत नाही, तोही निष्कर्षच आहे. आणि गाइडसमोर "ब्लॉकचेन" शब्दाऐवजी हातात एक तक्ता घेऊन बसाल, ते जास्त चांगलं.